बोळातली विहीर

गुंजेवाडीच्या सिद्रामप्पाला महादेवानं सगळं दिलं होतं. सडकेला लागून दुकान, मागं दगडी घर, पार्वतम्मासारखी शहाणी बायको, गुरुवारच्या बाजारात मान. आणि एवढं देऊन झाल्यावर माणूस सुखानं झोपू नये म्हणून की काय, एक साडू दिला होता.

साडूचं नाव वीरप्पा. तो कोसभर पुढं, त्याच सडकेवर, बोरगीला राहायचा. पार्वतम्माची धाकटी बहीण महानंदा त्याला दिलेली. दोघी बहिणींची लग्नं मुरुमला, त्यांच्या माहेरी, एकाच मांडवात लागली आणि सिद्रामप्पाच्या पोटातलं दुखणं त्या मांडवातच सुरू झालं. पंगतीत सासऱ्यांनी, रेवणप्पांनी, दोन्ही जावयांच्या पानात आपल्या हातानं हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, वाढली. सिद्रामप्पा थोरला जावई, म्हणून त्याला आधी वाढली, तूपही सढळ हातानं घातलं. पण वीरप्पाला वाढताना म्हातारा हसला. सिद्रामप्पाला वाढताना हसला नव्हता. आता हुग्गी वाढताना माणूस कधी हसला नि कधी नाही, हे कुणी ध्यानात ठेवतं का? सिद्रामप्पानं ठेवलं, आणि पुढं वर्षानुवर्षं त्यात भर घालत गेला.

बरं, वीरप्पानं त्याचं काही वाकडं करावं, तर तेही नाही. तो नुसता होता, आणि तेवढंच सिद्रामप्पाला पुरत होतं. बोरगी म्हणजे चार घरांचं गाव, तिथं बाजार नाही, वीरप्पाचं दुकान छपराचं. तरी त्याच्या ओट्यावर सदा माणसं. एकदा वीरप्पानं सोलापुराहून टोल देणारं घड्याळ आणलं. ते ऐकून सिद्रामप्पाच्या अंगाचा तिळपापड झाला आणि त्यानं महिन्याच्या आत त्याहून मोठं घड्याळ आणून भिंतीवर ठोकलं. मग कळलं, वीरप्पाचं घड्याळ वाटेतच बंद पडलं होतं, आणि लोक मुद्दाम ओट्यावर येऊन त्याला वेळ विचारत होते, तो काहीही सांगत होता आणि सगळे हसत होते. सिद्रामप्पाचं घड्याळ अगदी बरोबर चालायचं. त्याला वेळ विचारायला कुणी येत नव्हतं.

निजामाचं राज्य होतं, बाहेर जगात मोठी लढाई चालू होती, आणि आमच्या त्या भागात पाण्याचं दुर्भिक्ष जसं होतं तसंच होतं. गुंजेवाडीचं तळं संक्रांतीपर्यंत कसंबसं टिकायचं. तोवर मूग, उडीद, तूर भरलेल्या गाड्या या सडकेनं बोरगीवरून मुरुमला जायच्या, गुंजेवाडीच्या चिंचेखाली बैल सोडायच्या, गाडीवान दुकानातून गूळ-शेंगदाणे घ्यायचे, गुरुवारी तर बाजारात पाय ठेवायला जागा नसायची. एकदा तळ्याला भेगा पडल्या की गाड्या सडक सोडून खालच्या ओढ्याच्या वाटेनं जायच्या. ती वाट लांबची आणि दगडांची, पण तिथं डोहात पाणी असायचं. गाडीवान स्वतः उपाशी राहील, बैलाला तहानलेला ठेवणार नाही. मग मृगापर्यंत गुंजेवाडीच्या बाजारात चार भाजीवाल्या नि दोन कुत्री उरायची.

अशात एका थंडीत तालुक्याचे साहेब दौऱ्यावर आले. आधी बोरगीला उतरले, तिथं वीरप्पाच्या ओट्यावर चहा घेतला, आणि मग गुंजेवाडीला आले. बोरगीला आधी उतरले, हेही सिद्रामप्पाला लागलंच. पण साहेबांनी चावडीत जे सांगितलं, त्यानं ते दुःख पार धुऊन निघालं.

"सरकार से इस सडक पे बावडी मंजूर हुई," साहेब म्हणाले. "तुमारे गाँव में होती. कहाँ होना, तुम लोगाँ मिलके बोलो."

सिद्रामप्पानं हात जोडले आणि हळूच विचारलं, "आन बोरगीला, सायेब?"

"नहीं जी, एकीच मंजूर है."

सरकारी विहीर आपल्याला मिळाली म्हणून त्या दिवशी सिद्रामप्पानं गावात गूळ वाटला. एवढ्यावर समाधान होईना, तेव्हा छकडा जुंपून बोरगीला गेला. आनंदाची बातमी सांगायला गेला, असं त्यानं पार्वतम्माला सांगितलं. खरं म्हणजे बातमी ऐकल्यावर वीरप्पाचं तोंड कसं होतं ते त्याला डोळ्यांनी बघायचं होतं.

वीरप्पानं बातमी ऐकली आणि त्याला कडकडून मिठी मारली.

"लई झ्याक झालं, अण्णा," तो म्हणाला. "आता एक करा, चिंचेखाली गाडीतळावरच पाडा इहीर. बाजूला जनावरांना पाणी प्यायला हाळ बांधा दगडाचा, लांबलचक. गाड्या बारमाही ह्याच सडकेनं येत्याल बघा. तुमच्याकडं बैल पाणी पित्याल, माझ्याकडं गाडीवान पान खात्याल."

आणि खळखळून हसला. आतून महानंदा आली, तिनंही "दाजी, गोड खाल्ल्याबिगर जायाचं न्हाय" म्हणून पुरणपोळीचं ताट पुढं ठेवलं. सिद्रामप्पानं पोळी खाल्ली, पण ती त्याला गोड काही लागली नाही. माणूस दुसऱ्याला जळवायला कोसभर जातो आणि तो जळतच नाही, याच्यासारखी फजिती नाही.

परतताना छकड्यात तो एकटाच होता आणि बैल सवयीनं चालत होते. वीरप्पाचं ते एक वाक्य त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. तुमच्याकडं पाणी, माझ्याकडं पान. म्हणजे सरकारची विहीर गुंजेवाडीची, खपणार गुंजेवाडीची माणसं, आणि तृप्त झालेले बैल कोसभर पुढं जाऊन वीरप्पाच्या दारात शेपट्या हलवणार. बारमाही गाड्या आल्या तर आपलं दुकान दुप्पट चालेल हे त्याला कळत होतं. तो काही खुळा नव्हता. पण वीरप्पाचं छपराचं दुकान चौपट चालेल, हेही त्याला तेवढंच स्पष्ट दिसत होतं. बोरगीत एकाचे दोन ओटे होतील, दोनाची पेठ होईल, आणि मुरुमचा म्हातारा येता-जाता वीरप्पाकडं उतरून हसेल. आयत्या बिळावर नागोबा! घर येईपर्यंत सिद्रामप्पाच्या मनात आपलं दुप्पट पार पुसून गेलं होतं, उरलं होतं फक्त वीरप्पाचं चौपट.

पाणी कुठं लागेल ते बघायला सिदू धनगराला बोलावलं. सिदू पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेला. अशा माणसाला जमिनीखालचं पाणी दिसतं असं आमच्याकडं सगळे मानतात, आणि पावसात विजा कडाडल्या की त्याला कुणी शेजारी उभं राहू देत नाही. सिदू भर उन्हात अनवाणी सगळं गाव हिंडला आणि दोन जागी थांबला. एक सडकेवर, गाडीतळाच्या चिंचेखाली. दुसरी गावाच्या आत, मठाच्या बोळात.

"हितं बी पानी हाय, तितं बी हाय," तो म्हणाला. "सडकंला लई हाय. बोळातलं गोड हाय. तुमास्नी कंचं पायजे ते घ्या."

त्या संध्याकाळी जेवताना सिद्रामप्पा म्हणाला, "इहीर बोळात पाडायची."

पार्वतम्मानं भाकरी तव्यावरून काढली. "बोळात गाडी कशी शिरंल? दोन मानसं समोरासमोर आली तर एकाला भिताडाला चिकटावं लागतं."

"गाड्यांसाठी न्हाय ती."

"मग कुणासाठी?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. मग मनातलं एकदम तोंडावर आलं. दुसऱ्या कुणाला त्यानं हे सांगितलं नसतं, पण बायकोपुढं माणसाचा तोल जातो. "बैल माझ्या गावात पाणी पिनार, आन गाडीवान त्याच्या दुकानात जानार? माझ्या पाण्यावर त्यानं मोठं व्हायाचं?"

"आपलं बी व्हईल की मोठं."

"व्हईल. पर त्याचं बी व्हईल."

पार्वतम्मानं हातातला पिठाचा गोळा परातीत टाकला. "आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायची ही तऱ्हा झाली," ती म्हणाली. "आन तो 'दुसरा' माझ्या भनीचा नवरा हाय. त्यानं काय वाईट केलंय तुमचं?"

हुग्गीची गोष्ट तोंडातून काढायची सिद्रामप्पाला लाज वाटली. तो हात धुऊन उठला.

चावडीत मात्र त्यानं बायकोला सांगितलेलं अवाक्षरही काढलं नाही. तिथं तो कपाळाला ठसठशीत विभूती लावून गेला. "सडकंवरल्या इहिरीत दहा वाटसरूंची घान पडनार," तो म्हणाला. "आपल्याला रोज लिंगपूजेला सुद्द पानी लागतं. मठाच्या बोळात गोडं पानी लागतंय, म्हंजे देवानंच जागा दाखवली म्हनायचं. बैलांसाठी देवाला मागं सारायचं काय?" आता असं विचारल्यावर कोण हो म्हणेल? जाणत्या मंडळींची घरं बोळाच्या आसपासच होती, त्यांच्या बायकांचे घागरी वाहून खांदे सोलले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. देवाचं नाव पुढं केलं की माणसाच्या पोटातला विंचू कुणाला दिसत नाही.

विहीर झाली. पाणी खरंच गोड लागलं, खडीसाखर विरघळल्यासारखं. त्यात डाळ अशी शिजायची की गुंजेवाडीच्या आमटीचं नाव झालं. गाव खुश, बायका खुश, मठाचे पुजारी अय्या खुश. त्या उन्हाळ्यात सिद्रामप्पा ओट्यावर बसून सडकेकडं बघत राहायचा. सडक सुनी होती. वीरप्पाच्या दारातली सडकही तेवढीच सुनी असणार, या विचारानं त्याला गार वाटायचं.

एखादा चुकार गाडीवान यायचाच. "पानी हाय म्हनं गावात?" विचारायचा. हाय की, मठाच्या बोळात. तो गाडी सडकेवर सोडून बादली घेऊन आत जायचा, आणि मठाच्या दारात त्याला जात विचारली जायची. गाडीवानांत सगळ्या जातींची माणसं असतात. कुणाला वरून ओंजळीत पाणी मिळायचं, कुणाला तेही नाही, आणि बैलाला ओंजळभर पाण्यानं काय होणार? तो शिव्या हासडत ओढ्याच्या वाटेला लागायचा आणि पुढच्या गाडीवानाला सांगायचा, गुंजेवाडीला थांबू नका.

पुढच्या साली वीरप्पानं काय करावं? त्याच्या दुकानामागं, सडकेला लागून, बापजाद्यांची एक बुजलेली विहीर होती. ती त्यानं उपसायला घेतली. स्वतः खाली उतरला, महानंदा वरून पाट्या ओढायची. सुरुंग लावले, खडक फोडला, आणि पाणी लागलं ते मचूळ.

हे ऐकून सिद्रामप्पाला महिनाभर भूक चांगली लागली. "मचूळ पान्यावर काय करनार?" तो येईल त्याला सांगायचा. "च्या बी व्हत न्हाय त्याचा."

वीरप्पाला चहा करायचाच नव्हता. त्यानं विहिरीला लागून दगडाचा हाळ बांधला, असा लांब की ओळीनं बैल लावले तर शेवटचा बैल कुठला ते दिसू नये. वर मोट लावली आणि हाळ सकाळ-संध्याकाळ भरून ठेवायला लागला. बैलाला मचूळ काय नि गोड काय? गाडीवान स्वतःपुरतं पाणी सोबत बांधून आणायचे आणि बैल हाळावर लावायचे. जात विचारायला तिथं कुणी नव्हतं, विचारली असती तर बैलानं काय सांगितलं असतं? त्या उन्हाळ्यात गाड्या पहिल्यांदा ओढ्याची वाट सोडून सडकेनं आल्या. गुंजेवाडीवरून त्या खडखडत, न थांबता जायच्या. सिद्रामप्पाच्या ओट्यावर नुसती धूळ उडायची.

पाणी गेलं तिकडं बाकीचं गेलं. आधी लोहार गेला, कारण गाड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावा तापवायच्या तर गाड्या थांबतात तिथंच. मग सुतार, मग नालबंद, मग तेलाचा घाणा. कासारीण एका गुरुवारी आली नाही, तेव्हा कळलं की बोरगीला सोमवारी चार पथाऱ्या पडायला लागल्यात. दुसऱ्या साली तिथं सोमवारचा बाजारच भरला. गुंजेवाडीचा गुरुवार इतका रोडावला की वाण्यानं वाण्यालाच मीठ विकावं.

सिद्रामप्पा हे सगळं बघत होता आणि वीरप्पावर जळत होता. स्वतःवर जळावं हे त्याला सुचलं नाही असं नाही, पण ते जमलं नाही. वीरप्पावर जळायची सवय जुनी होती. रात्री पडल्या पडल्या तो हाळाची लांबी मनातल्या मनात मोजायचा. त्यातच मुरुमचे रेवणप्पा आपली धान्याची आडत बोरगीला घेऊन गेले. त्या फेरीत मुद्दाम कोसभर पुढं गुंजेवाडीला आले, थोरल्या लेकीकडं उतरले, बोळातलं पाणी प्याले. "पानी मातर गोड हाय हं तुमचं," एवढं म्हणाले आणि निघाले. त्या वेळी म्हातारा हसला, आणि हसला नसता तर बरं झालं असतं, असं सिद्रामप्पाला वाटलं.

शेवटी पार्वतम्मानंच निर्णय घेतला. एका सोमवारी पहाटे तिनं मीठ, मिरची, गूळ, डाळीची पोती छकड्यात टाकली. "मी बोरगीच्या बाजारात पथारी टाकनार," ती म्हणाली. "तुमी येता का घड्याळ बघत बसता?"

तो गेला. सगळ्या वाटेनं त्याची मान खाली होती. सडक दोन्ही बाजूंनी गाड्यांनी भरली होती, गाडीवान एकमेकांना हाका मारत होते. बोरगीत शिरताना त्याला ती ओळखूच येईना. छपराच्या दुकानाच्या जागी दोन खण झाले होते, पलीकडं पत्र्याची दुकानं, चहाचं हॉटेल, घाण्याचा करकर आवाज. बंद घड्याळ तेवढं जुन्याच जागी लटकत होतं.

वीरप्पा धावतच आला. त्यानं पोती स्वतः उतरवली आणि हाळाला लागून असलेली, सगळ्यात मोक्याची जागा झाडून दिली. तिथं बसलेल्या मिरचीवाल्याला त्यानं हात धरून बाजूला सरकवलं. "माझं थोरलं साडू हायेत, जरा सरक बाबा."

महानंदा बहिणीच्या गळ्यात पडली. सिद्रामप्पा पोत्यावर बसला. त्याच्या डोळ्यासमोर बैलांची मुंडकी हाळात बुडत होती, वर येत होती. त्याला राहवलं नाही.

"बाबा रे, सरकारनं आमाला इहीर दिली आन तू बिनसरकारी बाजार उभा केलास," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा कडू निघाला.

वीरप्पानं कपाळाला हात लावला. "अवो अण्णा, ती मंजुरी आमचीच व्हती की. सायेब पयल्यांदा माझ्याकडंच उतरलं न्हाय का? कागदावर बोरगीच लिवलं व्हतं. म्याच म्हनलं, सायेब, गुंजेवाडीला द्या. तितला बाजार जुना, तितं सडकंला पानी झालं तर गाड्या आपसूक माझ्याबी दारावरनं जात्याल. दोन घरं मिळून मोटी व्हत्याल. तुमाला सायेबांनी सांगितलं नव्हतं व्हय?"

साडूला खाली बघायला लावून जिंकलेली एकच गोष्ट सिद्रामप्पाच्या जन्मात होती, आणि तीही साडूनंच दिलेली निघाली.

"पर एक इचारू का, राग मानू नका," वीरप्पा त्याच्याजवळ उकिडवा बसला. "तुमी ती सडकंला का न्हाय पाडली? म्या लई डोकं खाजवलं. वरीसभर वाट बघितली, की अण्णा आता हाळ बांधत्याल, आता बांधत्याल. मला काय उमगलंच न्हाय."

आजूबाजूचे चार गाडीवान, तो सरकवलेला मिरचीवाला, सगळे कान देऊन ऐकत होते. गुंजेवाडीनं असं का केलं, हे कोडं त्यांनाही होतंच. पार्वतम्मा गुळाची ढेप फोडत होती. तिचा हात थांबला. ती नवऱ्याकडं बघायला लागली. सांगायचं असेल तर ही वेळ आहे, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, आणि ते सिद्रामप्पानं वाचलंही. त्यानं तोंड उघडलं.

"लिंगपूजेला सुद्द पानी पायजे व्हतं," तो म्हणाला. "मठासाठी."

वीरप्पानं डोळे पुसले, उठून उभा राहिला आणि भर बाजारात सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "बघा रे. देवासाठी ह्या मानसानं बाजार सोडला, दुकान सोडलं. आमाला नुसता धंदा कळतो. असं काळीज आमच्याकडं कुठलं?" आणि वाकून त्यानं सिद्रामप्पाच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याच्या मागून एक गाडीवान वाकला, मग दुसरा. मिरचीवालाही आला, ज्याची जागा गेली होती तो.

सिद्रामप्पाला पाय मागं घेता येईनात. मागं पोती होती, पुढं माणसं होती. त्यानं एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला.

गर्दी पांगल्यावर पार्वतम्मानं गूळ तागडीत टाकला. "आता हेच सांगत ऱ्हावा जन्मभर," ती हळूच म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.